पोकेमॉन गो तुम्हाला फिरवतो, पण एआरमुळे नाही

पोकेमॉन गो म्हणजे बाहेर फिरून पोकेमॉन नावाचे काल्पनिक प्राणी पकडायचा फोनवरचा गेम. त्याचं नाव निघालं की पाठोपाठ ‘एआर (ऑगमेंटेड रिअॅलिटी) गेम’ हे बिरुद येतंच. २०१६ पासून हेच ऐकतोय आणि खरंच वैताग आलाय, कारण लोक घराबाहेर पडले त्यात एआरचा वाटा अगदी थोडा आहे.

एआर तुम्ही रोज वापरता. चेहऱ्यावर कुत्र्याचे कान लावणारा फिल्टर म्हणजे एआर, कॅमेऱ्यातल्या चित्रावर चढवलेलं दुसरं चित्र. व्हीआरमध्ये (व्हर्च्युअल रिअॅलिटी) मात्र डोळ्यांवर हेडसेट चढला की समोरचं शहर दिसतच नाही. एवढं पुरे.

घोळ होतो तो लोकेशनपाशी. नागपूरच्या झिरो माईलच्या खांबाजवळच्या घोड्यांच्या पुतळ्यांवर कॅमेरा धरला आणि पोकेमॉन घोड्याच्या पाठीवर बसलेला दिसला, तर ते एआर. पण तो तुमच्या घरच्या दिवाणावरही तसाच बसेल. घोड्यांशी आणि खांबाशी त्याला काही देणंघेणं नाही. आता पोकेमॉन पकडताना एआरचं बटण बंद करा. गेम जसाच्या तसा चालतो, वर बॅटरी वाचते. मग फोनचं लोकेशन बंद करून बघा, खेळच ठप्प होतो.

तुम्ही झिरो माईलला आहात की सक्करदऱ्यात, हे गेमला अक्षांश-रेखांशावरून कळतं. गेममधलं अंडं उबवायला २, ५, १० असे ठरावीक किलोमीटर चालावं लागतं आणि गाडीवर सुसाट गेलात तर ते अंतर धरत नाहीत, तेही त्यामुळेच. इतवारीच्या बोळात जीपीएसचा सिग्नल भिंतींवर आपटत येतो. तुम्ही पानठेल्यावर उभे असता आणि पडद्यावरचा गडी शेजारच्या गल्लीत भटकत असतो.

आणि पोकेस्टॉप, म्हणजे गेममधल्या वस्तू मिळतात ती नकाशावरची खरी ठिकाणं, कुठून आले? मुख्यतः पोकेमॉन गो बनवणाऱ्या निआन्टिक कंपनीच्याच जुन्या इन्ग्रेस गेममधून, जो २०१२ मध्ये आला. त्याच्या खेळाडूंनी पुतळे, देवळं, बागा, भिंतींवरची चित्रं यांचे फोटो पाठवले आणि त्यातून बरीचशी ठिकाणं ठरली. जिथे ते फिरले तिथे गेम गजबजलेला, जिथे कुणी फिरकलं नाही ती वसाहत ओसाड. शहरातलं काय बघण्यासारखं हे आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं आणि आपण त्या वाटेने चालतो. माझ्या मते चर्चा याचीच व्हायला हवी.

तुमच्या भागातली जुनी विहीर किंवा वाचनालय नकाशावर नसेल, तर पुरेशी लेव्हल गाठलेला खेळाडू त्याची शिफारस करू शकतो. खाजगी घर आणि शाळेचं आवार चालत नाही. फोटो मात्र स्वच्छ उजेडात काढा.