जुलैत लागतं, मे महिन्यात वाळतं : नागपूरच्या कॉलेजांतल्या पर्यावरण मंडळांची पार्श्वभूमी

नागपुरात कॉलेजं उघडली की जुलै-ऑगस्टात मंडळांच्या नव्या कार्यकारिणी होतात. पर्यावरण मंडळाचा अध्यक्ष बहुतेक वेळा शेवटच्या वर्षाचा असतो. मार्च-एप्रिलात त्याची परीक्षा होते, मग तो गावी जातो आणि पुढच्या जुलैत सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. मधे मे महिना येतो. २३ मे २०१३ रोजी या शहरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. कॅम्पस हिरवा ठेवण्याच्या इथल्या प्रयत्नांकडे पाहताना हे वेळापत्रक आधी डोक्यात ठेवावं लागतं.

विषय इथे नवा नाही. १९५८ मध्ये नागपुरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था सुरू झाली. नाव लांबलचक, पण काम रोखठोक : पिण्याचं पाणी शुद्ध कसं करायचं आणि सांडपाण्याचं काय करायचं. १९७२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या स्टॉकहोम पर्यावरण परिषदेनंतर ‘पर्यावरण’ हा शब्द सरकारी कागदांत रुळला आणि १९७४ मध्ये याच संस्थेला आजचं नाव मिळालं. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे तीच आपली नीरी. इतकी मोठी प्रयोगशाळा गावातच असल्यामुळे इथल्या विज्ञान शाखेच्या पोरांची पर्यावरणाशी ओळख घोषणांच्या आधी पाण्याच्या नमुन्यांतून झाली, हे मला नेहमीच भाग्याचं वाटत आलं आहे.

दुसरा धागा झाडूचा. नागपूर विद्यापीठ १९२३ चं. २००५ मध्ये त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं. ज्यांच्या ग्रामगीतेत ग्रामशुद्धी आणि ग्रामआरोग्याचा एवढा विचार आहे, त्यांचं नाव विद्यापीठाच्या प्रत्येक गुणपत्रिकेवर छापलेलं असतं. महाराज ऑक्टोबर १९६८ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी, गांधी जन्मशताब्दीत, २४ सप्टेंबर १९६९ ला देशातल्या ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. विदर्भातल्या ‘एनएसएस’च्या शिबिरांना त्यामुळे आयती भाषा मिळाली : सकाळी ग्रामसफाई, दुपारी शोषखड्डे, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. मीही असे शोषखड्डे खणले आहेत. आम्ही दत्तक गावात सांडपाणी जिरवत होतो आणि आमच्याच वसतिगृहाच्या मागे न्हाणीघरांचं पाणी उघड्यावर वाहत होतं. सेवा म्हणजे कुठेतरी बाहेर जाऊन करायचं काम, ही समजूत बरीच वर्षं टिकली.

वर्गात हा विषय आला तो न्यायालयामुळे. पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ ला पर्यावरण शिक्षण सक्तीचं करण्याचे निर्देश दिले. अंमलबजावणी रेंगाळली, २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा कान टोचावे लागले आणि मग विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम काढला : ७५ गुण लेखी, २५ गुण क्षेत्रकार्याचे. या २५ गुणांसाठी फुटाळा आणि अंबाझरी या शहरातल्या तलावांवर किती प्रकल्प लिहिले गेले याला गणती नाही. पुष्कळसे एकमेकांवरून उतरवलेले होते. तरीही ज्या पोरांनी एरवी तलावाकाठी फक्त मक्याचं कणीस खाल्लं असतं, ती एकदा तरी वही घेऊन जलपर्णी पाहायला गेली. मी याला कमी लेखणार नाही.

त्यानंतर आलं नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करून श्रेणी देणारी राष्ट्रीय परिषद. मूल्यांकनाच्या सातव्या निकषात ऊर्जा, पाणी, कचरा आणि हरित परिसर यांचे प्रश्न आले आणि ‘ग्रीन ऑडिट’ हा शब्द स्टाफरूममध्ये पोचला. चमू येणार त्या वर्षी फाइल जाड होते, हे खरं. पण कॉलेजचं वर्षाचं वीजबिल किती आणि टाक्या किती लिटरच्या, हे अनेक ठिकाणी पहिल्यांदा कुणीतरी बेरीज करून पाहिलं ते याच निमित्ताने.

राज्याची वृक्षलागवड मोहीमही त्याच काळातली. १ जुलै २०१६ ला एका दिवसात दोन कोटी रोपांचं लक्ष्य होतं. २०१९ पर्यंत मोहिमेचं लक्ष्य तेहतीस कोटींवर गेलं. कॉलेजांनी आपला वाटा उचलला. पावसाळ्यात रोपं छान धरायची. मे महिन्यात, पाण्याची सगळ्यात जास्त गरज असताना, त्यांना पाणी घालणारं कॅम्पसवर कुणी नसायचं.

झाडांपेक्षा मला जास्त बोलायचं आहे ते कूलरबद्दल, कारण नागपूरच्या वसतिगृहात पाण्याचा हिशेब तिथेच लागतो. कूलर पाण्याची वाफ करून हवा थंड करतो. हवा जितकी कोरडी तितका तो चांगला चालतो, म्हणून विदर्भाच्या उन्हाळ्यात त्याला तोड नाही. एसीच्या मानाने वीजही फारच कमी खातो. मात्र पाणी लागतं, आणि शहराचं बहुतांश पाणी पेंचच्या नवेगाव खैरी धरणातून येतं. आमच्या मंडळाने एका एप्रिलात रात्री दहाला एका गळक्या कूलरखाली बादली ठेवली. पहाटे बादली भरून फरशीवर ओघळ आला होता. कारण क्षुल्लक होतं : टब भरला की नळ बंद करणारा तरंगता बॉल झिजलेला, टब भरला तरी नळ बंद होत नव्हता. एकाच मजल्यावर असे चार कूलर निघाले. वर्गणी काढून बॉल बदलले, वाळ्याच्या ताट्या झटकून बसवल्या, कुठल्या खोलीत काय दुरुस्त केलं ते वहीत लिहिलं. वही कपाटात ठेवली आणि आम्ही पास होऊन निघून गेलो.

२३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात प्लास्टिकबंदी आली आणि गॅदरिंगचं रूप थोडं बदललं. थर्माकोलच्या ताटल्या गेल्या, तर्री पोहे कागदी प्लेटमध्ये आले. चहा कागदी कपात आला, पण त्या कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तो ना खतात जातो, ना सहजी रद्दीत. मेसमधले स्टीलचे पेले धुऊन पुन्हा वापरणं हाच खरा उपाय. तिथे प्रश्न येतो की धुणार कोण. ज्या मंडळांनी कार्यक्रमाच्या खर्चात भांडी घासणाऱ्या मावशींची मजुरी आधीच धरली, त्यांचं जमलं. स्वयंसेवकांच्या उत्साहावर सोडलं त्यांचं दुसऱ्या कार्यक्रमातच बारगळलं.

२०२३ हे विद्यापीठाचं शताब्दी वर्ष. जानेवारीत अमरावती रोडच्या कॅम्पसवर भारतीय विज्ञान काँग्रेसचं १०८ वं अधिवेशन झालं, विषयातच शाश्वत विकास होता. सप्टेंबरात, २३ तारखेच्या पहाटे, चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. वसतिगृहातल्या मुलींनाही बाहेर काढावं लागलं. ज्या तलावावर वीस वर्षं प्रकल्प लिहिले गेले, तो दारात आला होता. त्यानंतर मंडळांच्या बैठकांत नाल्यांचे उतार आणि फरसबंदीखाली गेलेली माती यांवर बोलणं होऊ लागलं, हे मी ऐकलं आहे आणि मला त्याचं फार बरं वाटतं.

या सगळ्या वाटचालीत आदेश वरून आले आणि विद्यार्थी दर वर्षी बदलत गेले. माळी, चौकीदार, मेसच्या मावशी आणि पंप चालवणारे तेवढे बाराही महिने कॅम्पसवर राहिले. काही वर्षांनी मी वसतिगृहात गेलो तेव्हा आमची वही कपाटात नव्हती, पंपघरात होती. आम्ही सोडलेल्या पानापुढे पंपवाल्या काकांनी दोन उन्हाळ्यांचे खोली क्रमांक आणि बदललेले बॉल लिहून ठेवले होते. मंडळाच्या सभासदांच्या यादीत त्यांचं नाव कधीच नव्हतं.