पार्श्वभूमी : डायलिसिस आणि रक्तातून पसरणारी कावीळ

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा किंवा शेजारच्या छिंदवाड्याहून डायलिसिससाठी नागपुरात आलेल्या रुग्णाला मशीनवर घेण्यापूर्वी हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी (दोन्ही रक्तातून पसरणाऱ्या काविळी) आणि एचआयव्ही या तीन तपासण्यांचे अहवाल मागितले जातात. क्रिएटिनिनच्या (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्तचाचणीच्या) आकड्याने आधीच धास्तावलेल्या नातेवाइकांना हा आणखी एक खोळंबा वाटतो. पण या कागदामागे साठ वर्षांचा, फारसा सुखाचा नसलेला इतिहास आहे.

नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये कृत्रिम मूत्रपिंड वापरले, तेव्हा तो तात्पुरता उपाय होता. सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० मध्ये हाताच्या रक्तवाहिन्यांत कायम राहणारी टेफ्लॉनची नळी बसवली आणि तोच रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षे डायलिसिसवर राहू लागला. त्याबरोबर अनेकांचे रक्त एकाच खोलीत, त्याच हातांच्या देखरेखीखाली, पुन्हा पुन्हा शरीराबाहेर येऊ लागले. मूत्रपिंड निकामी झाल्यावर रक्त कमी होते म्हणून वरचेवर रक्त चढवावे लागे, आणि त्या काळी ते तपासण्याची सोय नव्हती.

स्कॉटलंडमधील एडिंबरा येथील डायलिसिस केंद्रात १९६९-७० मध्ये हिपॅटायटिस बीची जी साथ आली, तिच्यात रुग्ण आणि कर्मचारी दोघेही दगावले. मूत्रपिंडाच्या आजारात प्रतिकारशक्ती मंदावल्याने अनेक रुग्णांचे डोळे पिवळे होत नाहीत, त्रासही जाणवत नाही, मात्र विषाणू रक्तात टिकून राहतो. शिवाय हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात, टेबलावर किंवा मशीनच्या बटणावर, निदान सात दिवस जगतो. म्हणूनच अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९७७ मध्ये बाधित रुग्णांसाठी स्वतंत्र खोली व स्वतंत्र मशीन सुचवले.

हिपॅटायटिस सीची कथा वेगळी आहे. हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. त्याच वर्षी रक्त वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनचे इंजेक्शन अमेरिकेत मान्य झाले आणि पुढे रक्त चढवण्याची गरज घटली. भारतात रक्तपेढ्यांना हिपॅटायटिस सीची तपासणी २००१ मध्ये सक्तीची झाली. तरीही डायलिसिस केंद्रांत लागण होत राहिली. शोध घेतला असता दोष बहुधा मशीनमध्ये नव्हे, तर न बदललेल्या हातमोज्यांत आणि हेपॅरिनची (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) एकच कुपी अनेकांना वापरण्यात सापडे. त्यामुळे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या २००१ च्या सूचनांत हिपॅटायटिस सीसाठी वेगळे मशीन सांगितलेले नाही. आपल्याकडे बाधितांसाठी वेगळे ‘पॉझिटिव्ह मशीन’ ठेवण्याची पद्धत रूढ आहे. ती चुकीची म्हणता येणार नाही, पण तिच्या भरवशावर हात धुणे मागे पडले तर तिचा उपयोग उरत नाही.

औषधांनी चित्र बरेच बदलले. हिपॅटायटिस सी आता काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा बरा होतो आणि २०१८ पासून भारताच्या राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातून हे उपचार मोफत आहेत. बीवर लस आहे, मात्र डायलिसिसच्या रुग्णाला ती दुप्पट मात्रेत, बहुधा चार वेळा द्यावी लागते. मूत्रपिंड जितके खालावलेले, तितकी ती कमी लागू पडते; म्हणून ती डायलिसिसपूर्वीच टोचणे श्रेयस्कर. गावाकडून थेट धाप लागलेल्या अवस्थेत नागपूर गाठणाऱ्या रुग्णाला मात्र आधी मशीन मिळते आणि लस नंतर.