डोमेनचे अधिकृत नेम सर्व्हर कोणते? पात्रता, कागदपत्रे आणि तपासण्याची पद्धत

सातपूर-अंबडचे लघुउद्योजक असोत, निफाडचे द्राक्ष निर्यातदार असोत की २०२७ च्या सिंहस्थासाठी पंचवटीत होमस्टे उघडणारे; वेबसाइट किंवा ईमेल बंद पडला की पहिला फोन होस्टिंगवाल्याला जातो. त्याआधी आपल्या डोमेनचे अधिकृत नेम सर्व्हर, म्हणजे वेबसाइट आणि ईमेल कुठे आहेत याचे पक्के उत्तर देणारे सर्व्हर कोणते, ते स्वतः बघा.

तपासायला पात्रता, अर्ज, शुल्क काहीही लागत नाही. ही माहिती सर्वांसाठी खुली असते. बदल करायचा तर मात्र रजिस्ट्रारकडच्या, म्हणजे डोमेन जिथून घेतले त्या कंपनीकडच्या खात्याचा लॉगिन हवा. डॉट इन डोमेनची रजिस्ट्री, म्हणजे मूळ नोंदवही, निक्सी ही संस्था चालवते आणि नोंदणीसाठी केवायसी करावे लागते. म्हणून कळकळीने सांगतो, डोमेन वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर ठेवू नका. नोंदणी, ईमेल, मोबाइल, सगळे तुमचेच हवे.

आधी रजिस्ट्रीची नोंद पाहा. डॉट इनसाठी निक्सीच्या रजिस्ट्रीचा हूइज (डोमेनची नोंद दाखवणारा) शोध, डॉट कॉमसाठी आयकॅन या डोमेन नावांचा जागतिक कारभार पाहणाऱ्या संस्थेचे लुकअप पान. तिथे ‘नेम सर्व्हर’पुढे बहुधा दोन किंवा जास्त नावे दिसतात. ती लिहून घ्या.

मग विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एनएसलुकअप ही आज्ञा उघडा, प्रकार एनएस (नेम सर्व्हर) ठेवा आणि डोमेन टाका. उत्तरावर ‘नॉन-ऑथोरिटेटिव्ह’ असे येईल. त्याने घाबरू नका, ही चूक नव्हे. उत्तर तुमच्या इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरने साठवणीतून दिले, एवढाच त्याचा अर्थ. आता लिहून घेतलेल्यांपैकी एका सर्व्हरलाच थेट विचारा. तो खरोखर अधिकृत असेल तर ती ओळ येत नाही. लिनक्सवर डिग ही आज्ञा वापरत असाल तर उत्तरात ‘एए’ (अधिकृत उत्तर) ही खूण शोधा. प्रत्येक सर्व्हरला वेगवेगळे विचारा, कारण एखादाच मुका निघतो आणि साइट कधी उघडते, कधी नाही.

रजिस्ट्रीतली आणि या उत्तरातली नावे जुळली पाहिजेत. खरी गफलत इथेच होते. होस्टिंग बदलल्यावर नव्या पॅनेलमध्ये एनएस नोंदी भरल्या जातात, पण रजिस्ट्रारकडे जुनीच नावे राहतात. जगभरचे सर्व्हर आधी रजिस्ट्रीला विचारतात, त्यामुळे नव्या पॅनेलकडे कोणी फिरकतच नाही. डीएनएससेक (डोमेनची उत्तरे खरी आहेत का ते सहीने तपासणारी सोय) चालू असेल तर रजिस्ट्रीतली जुनी डीएस नोंदही, म्हणजे त्या सहीच्या किल्लीची नोंदही बघा. ती तशीच राहिली तर नेम सर्व्हर बरोबर असूनही अनेकांना साइट उघडणार नाही.

डॉट कॉमच्या रजिस्ट्रीतली नेम सर्व्हरची नोंद ४८ तासांपर्यंत साठवणीत राहू शकते. तेवढा वेळ जुने होस्टिंग बंद करू नका.