लाल सोनं आणि अँटिबॉडीची अवरक्त खूण: पार्श्वभूमी

जळगावच्या सराफ्यातलं सोनं पिवळंधमक. तेच १६ नॅनोमीटरच्या कणांत पाण्यात विखुरलं की डाळिंबाच्या रसासारखं लाल दिसतं. नमुन्यातली अँटिबॉडी (शरीर रोगजंतूंविरुद्ध बनवतं ते प्रथिन) शोधणाऱ्या एका चाचणीत हेच कण लागतात. हा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचाच, हे मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये मांडलं. ठरावीक मापाचे कण करण्याची रीत मात्र टर्केविच (१९५१) आणि फ्रेन्स (१९७३) यांची, आणि ती अजूनही चालते. ०.०१ टक्के क्लोरोऑरिक आम्लाचं (सोन्याच्या संयुगाचं) ५० मिली द्रावण उकळायचं आणि ढवळत १ टक्का ट्रायसोडियम सायट्रेट १ मिली एकदम ओतायचं. द्रावण आधी निळसर, मग लाल होतं. सायट्रेट निम्मं केलं तर कण ४१ नॅनोमीटरच्या आसपास जातात.

बिघडतं ते बहुधा भांड्यामुळे. काचेवर जुनं सोनं राहिलं तर नवं तिथेच जमतं, म्हणून आधी आम्लराजानं (सोनं विरघळवणाऱ्या आम्लांच्या मिश्रणानं) धुवायचं. सोनाराला हे सांगावं लागत नाही. आपल्याकडचं बोअरचं जड पाणी तर अजिबात नको. त्यातल्या कॅल्शियममुळे कणांवरचा सायट्रेटचा ऋणभार झाकला जातो, कण एकमेकांना चिकटतात आणि लाल द्रावण निळं पडतं.

१९७१ मध्ये फॉक आणि टेलर यांनी अशा कणांना अँटिबॉडी चिकटवली, ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी. एलायझा, म्हणजे विकराच्या मदतीनं अँटिबॉडी ओळखणारी चाचणी, हीही त्याच वर्षीची. पुढे पट्टीवरच्या चाचण्यांत सोन्याची लाल रेघ आली. पण डोळ्याला दिसण्याइतके कण जमलेच नाहीत, तर पट्टी कोरीच राहते.

इथे अवरक्त, म्हणजे लाल प्रकाशापलीकडचे न दिसणारे किरण कामाला येतात. प्रथिनं ते १६५० आणि १५५० प्रति सेंमीला (एका सेंटीमीटरमधल्या लहरींच्या संख्येला) जोरात शोषतात, पाणीही १६४० ला. १८०० ते २६०० हा पट्टा मात्र प्रथिनांच्या दृष्टीनं जवळपास रिकामा. म्हणून कणावर नायट्राइल (२२३० च्या सुमारास), अझाइड (२१००) किंवा धातू-कार्बोनिल (१९०० ते २१००) अशा एखाद्या रासायनिक गटाची खूण बसवतात. एका कणावर अशा शेकडो खुणा मावतात. शिवाय धातूच्या पातळ थराजवळ अवरक्त शोषण वाढतं, हे हार्टस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवलं होतं. हा फायदा पृष्ठभागापासून काही नॅनोमीटरपुरताच, म्हणून खूण सोन्याला लगटूनच हवी.

चाचणीत पृष्ठभागावर अँटिजेन (अँटिबॉडी ज्याला चिकटते तो पदार्थ) बसवतात, त्यावर नमुना सोडतात, मग अँटिबॉडीला धरणारे खूणवाले कण. नीट धुवून, वाळवून मोजतात. खूण जास्त झाली तर सायट्रेट सुटतं आणि कण गोळा होतात. कमी झाली तर संकेत पुसट येतो. नायट्राइल वापरताना आणखी एक जपावं लागतं: हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा पट्टा २३५० ला, अगदी शेजारीच. यंत्रात नायट्रोजन खेळवला नाही, तर जवळ उभ्या माणसाचा श्वासही आलेखात उमटतो.