'तू तर तेव्हा लहान होतास'

हिटलरच्या राजवटीत जे साठ लाख ज्यू मारले गेले, त्यांत सुमारे १५ लाख मुलं होती. ऑशविट्झच्या मृत्युछावणीत गाडीतून उतरवल्यावर लहानग्यांना बहुतेक वेळा थेट विषारी वायूच्या कोठडीकडे नेत. कामाला निरुपयोगी, एवढंच कारण. म्हणून वाचलेल्या मुलांतली पुष्कळशी छावणीत गेलेलीच नव्हती. ती लपली होती. ख्रिस्ती जोगिणींच्या मठात, शेतकऱ्यांच्या घरी, माळ्यावर, परक्या नावानं.

पोलंडमध्ये, वॉर्सात समाजसेविका इरेना सेंडलर आणि तिचे सहकारी घेट्टोतून, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतून, मुलं चोरून बाहेर काढत. प्रत्येकाचं खरं नाव आणि नवं नाव पातळ कागदाच्या पट्टीवर लिहिलं जाई. त्या पट्ट्या बरणीत घालून मैत्रिणीच्या बागेत सफरचंदाच्या झाडाखाली पुरल्या होत्या. लढाई संपली की लेकरं आपापल्या आईबापांकडे परत जावीत, यासाठी. पट्ट्या राहिल्या, बहुतेक आईबाप ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत संपले होते.

नातेवाईक जिवंत असले तरी सगळं सोपं नव्हतं. फ्रान्समधल्या रोबेर आणि जेराल्द फिनाली या भावांचं उदाहरण घ्या. व्हिएन्नाहून पळून आलेल्या त्यांच्या आईवडिलांना १९४४ मध्ये पकडून ऑशविट्झला धाडलं. पोरं ग्रेनोबलच्या पाळणाघराच्या संचालिकेकडे वाढली. १९४५ पासून आत्या पत्रं लिहीत होती, पण त्या बाई मुलं द्यायला तयार नव्हत्या; १९४८ मध्ये त्यांनी दोघांचा बाप्तिस्माही करून घेतला. कोर्टाचा निकाल विरोधात गेल्यावर काही धर्मगुरूंच्या मदतीनं मुलांना सीमेपलीकडे स्पेनमध्ये दडवलं. १९५३ च्या जूनमध्ये ती परतली आणि जुलैत इस्राएलला गेली. बाईंनी त्यांचा जीव वाचवला होता हे खरंच; पण त्यामुळे मुलं त्यांची होत नाहीत, असं मला ठामपणे वाटतं.

पुढची गोष्ट मला याहून जास्त सलते. लपून वाचलेली मुलं मोठी होऊन बोलू लागली की छावणीतून वाचलेली मोठी माणसं म्हणत, 'तू लहान होतास, तुला काय आठवणार? आम्ही छावणी भोगली.' आपल्याला 'वाचलेले' म्हणवून घ्यायचा हक्क नाही, असं या मुलांनाही वाटू लागलं. आईचा चेहरा आठवत नाही, तिची भाषा विसरलो, हे दुःख कोणत्या खात्यात मांडायचं?

मे १९९१ मध्ये न्यूयॉर्कला अशा लपवलेल्या मुलांचा पहिला आंतरराष्ट्रीय मेळावा भरला. सुमारे १६०० जण आले. पन्नाशी-साठीतली ती माणसं. त्यांतल्या अनेकांनी आपली हकिगत पहिल्यांदा तिथेच मोठ्यानं सांगितली. मग साक्षी ध्वनिचित्रमुद्रित होऊ लागल्या, संघटना उभ्या राहिल्या, हिरावलेल्या बालपणाची वेगळी नोंद घ्या अशी मागणी झाली. सप्टेंबर २०१४ मध्ये जर्मनीनं अशा मुलांना एकरकमी २५०० युरो द्यायचं मान्य केलं. तोवर त्यांच्यातलं सगळ्यांत धाकटं मूलही ६९ वर्षांचं झालं होतं.