खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी अल्कलिनिटीचं घरगुती टेस्ट किट
(कोरल म्हणजे जिवंत प्रवाळ ठेवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्या ग्राहकांना आमची कायमची विनंती असते: अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या बायकार्बोनेट-कार्बोनेटची आम्ल पचवण्याची ताकद, दर दोन-तीन दिवसांनी बघा. पण विकतचं किट महाग पडतं, मग ते पुरवून पुरवून वापरलं जातं आणि टेस्ट महिन्यावर जाते. तेवढ्या अवधीत टाकीत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

कोरल आपला सांगाडा कॅल्शियम आणि कार्बोनेटपासून बांधतं. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम साधारण ४२० पीपीएम (दहा लाखात ४२० भाग) असतं आणि अल्कलिनिटी ७ डीकेएचच्या (अल्कलिनिटी मोजायचं एकक) आसपास. कोरलनं ३ डीकेएच खाल्ले, तर त्यासोबत कॅल्शियम जेमतेम २१ पीपीएम उतरतं. म्हणजे कॅल्शियमच्या आकड्यात फरक कळेनासा, आणि अल्कलिनिटी मात्र जवळजवळ निम्मी. म्हणून आधी हीच तपासायची. आकडा ७ असो की ९, कोरलला तो स्थिर लागतो. एका दिवसात १ डीकेएचहून जास्त चढउतार आम्ही होऊ देत नाही.

किटला लागतं काय? ०.१ नॉर्मल (ही त्याची तीव्रता, बाटलीवर लिहिलेली असते) हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचं तयार द्रावण, ब्रोमोक्रेसॉल ग्रीन आणि मिथाइल रेड यांचं मिश्र इंडिकेटर (टेस्ट कुठे संपली ते रंग बदलून दाखवणारं द्रावण), १ मिलीची सिरिंज आणि काचेची छोटी पारदर्शक बाटली. पहिल्या दोन गोष्टी मुंबईतल्या प्रिन्सेस स्ट्रीटच्या लॅब-केमिकलवाल्यांकडे विचारा. बाथरूम धुण्याचं अ‍ॅसिड आणून घरी पातळ करू नका. ते धोक्याचं आहे, शिवाय त्याची तीव्रता कुणालाच ठाऊक नसते.

सिरिंज घेताना नीट पाहा. इन्सुलिनच्या सिरिंजवर युनिटच्या खुणा असतात आणि ४० युनिटवाली व १०० युनिटवाली वेगवेगळी येते. केमिस्टकडे ट्युबरक्युलिन सिरिंज मागा. तिच्यावर ०.०१ मिलीच्या खुणा असतात. सुई लावायची नाही.

टेस्ट अशी. बाटली टाकीच्या पाण्यानं विसळून घ्या आणि तिच्यात टाकीचं २८ मिली पाणी घ्या. सोनार वापरतात तसा छोटा डिजिटल काटा असेल तर सर्वांत उत्तम: रिकामी बाटली ठेवून काटा शून्यावर आणा आणि २८.७ ग्रॅम भरा. खारं पाणी जड असल्यामुळे २८ मिलीचं वजन एवढं भरतं. इंडिकेटरचे दोन-तीन थेंब टाका, पाणी निळसर हिरवं होईल. सिरिंजमध्ये बरोबर १ मिली अ‍ॅसिड घ्या, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. आता थोडं थोडं अ‍ॅसिड सोडत बाटली चांगली हलवत राहा, कारण तयार होणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायला हवा. रंग करडा दिसू लागला की हात आवरा आणि एकेक थेंबावर या. निळसर छटा पूर्ण जाऊन पाणी फिकट गुलाबी झालं की थांबा.

२८ मिली हे माप मुद्दाम ठरवलं आहे: त्यात खर्च झालेलं ०.१ मिली अ‍ॅसिड म्हणजे १ डीकेएच. ०.८२ मिली लागलं तर ८.२ डीकेएच. आकडेमोडच नको.

रंग टाकीच्या निळ्या दिव्याखाली कधीच बघू नका, तिथे गुलाबी आणि करडा सारखेच दिसतात. स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या ट्यूबखाली, मागे कोरा कागद धरून बघा.

अ‍ॅसिडऐवजी व्हिनेगर किंवा लिंबू चालेल का, असं पुष्कळ जण विचारतात. चालत नाही. ही सौम्य आम्लं आहेत. टेस्ट जिथे संपते त्याच पीएचच्या (आम्लतेच्या आकड्याच्या) आसपास ती स्वतःच बदलाला अडवून धरतात. त्यामुळे रंग हळूहळू सरकत राहतो आणि नेमकं कुठे थांबायचं ते कळत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. आपलं किट खरं बोलतंय का, हे तपासल्याशिवाय त्याच्या आकड्यावर डोसिंग करू नका, म्हणजे अल्कलिनिटी वाढवायला टाकीत काही घालू नका. नव्या पाकिटातला खाण्याचा सोडा ८.४ ग्रॅम घ्या आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून एकूण १ लिटर करा. त्यातलं २५ मिली घेऊन पुन्हा डिस्टिल्ड वॉटरनं १ लिटर करा. हे झालं ७ डीकेएचचं पाणी. याचं २८ मिली (हे गोडं पाणी, म्हणून वजनही २८ ग्रॅम) घेऊन टेस्ट केली की ०.७० मिली अ‍ॅसिड लागायला हवं. समजा ०.७४ लागलं, तर ७ भागिले ०.७४ म्हणजे ९.४६. यापुढे टाकीच्या टेस्टला जेवढे मिली लागतील त्यांना ९.४६ नं गुणा. ०.६० च्या खाली किंवा ०.८० च्या वर आकडा गेला तर सोडा पुन्हा मोजून बघा. तरीही तेच आलं तर अ‍ॅसिड बदला.

बेकिंग पावडर, पापडखार किंवा फ्रूट सॉल्ट इथे चालणार नाही. नळाचं पाणीही नको, त्यात स्वतःची अल्कलिनिटी असते. घरातल्या बऱ्याच आरओ मशीनमध्ये चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळलेलं असतं, म्हणून तेही नको. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत उघडं पाकीट ओल धरतं आणि वजन फसवं येतं. जुलै-ऑगस्टमध्ये पाकीट नवीनच फोडा. काही जण किनाऱ्यावरचं समुद्राचं पाणी ‘खरा ७’ म्हणून वापरतात. पावसात नाल्यांचं पाणी मिसळून त्याचा खारेपणा बदललेला असतो, त्यावर विसंबू नका.

अल्कलिनिटी कमी आली तर १०० लिटर पाण्याला १ डीकेएच वाढवायला खाण्याचा सोडा ३ ग्रॅम लागतो. तो डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून, जोराच्या प्रवाहात, हळूहळू सोडा.

अ‍ॅसिडची बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, तिच्यावर ठळक नाव लिहा आणि झाकण घट्ट लावा. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत ते कधीही भरू नका. टेस्टचं पाणी सिंकमध्ये ओता, टाकीत परत नाही. सर्व्हिसला आमचा माणूस येईल तेव्हा तुमचं किट आणि आकड्यांची वही त्याला दाखवा. तो आपल्या किटनं तीच टेस्ट करून दोन्ही आकडे तुमच्यासमोर ताडून देईल, त्याचे वेगळे पैसे नाहीत.