सीएनजी वाहनांची गळती तपासणी

सीएनजी वाहनात टाकीपासून इंजिनापर्यंत गॅस कुठे निसटतो आहे का, हे शोधण्याची पद्धत. टाकीत गॅस सुमारे २०० बार (हवेच्या दाबाच्या जवळपास २०० पट) दाबाने भरलेला असतो. गळती बहुधा सांध्यांतून होते: टाकीचा व्हॉल्व्ह, गॅस भरण्याचे तोंड, नळीची जोडणी, बॉनेटखालचा, दाब कमी करणारा रेग्युलेटर.

सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. मिथेनला स्वतःचा वास नसतो, म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मिसळतात. हवेत मिथेनचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असताना ते पेट घेऊ शकते. वास त्याच्या बराच आधी यायला हवा. मात्र सर्दी झालेल्या किंवा वासाला सरावलेल्या नाकावर विसंबू नये.

तपासणी उघड्यावर करावी. मिथेन हवेपेक्षा हलके असल्याने बंद गॅरेजमध्ये ते छताखाली साचते. इंजिन बंद करावे, डिकी व दारे उघडावीत, दिव्याचे बटणही दाबू नये. मग सांध्यावर साबणाचे पाणी लावून थांबावे. मोठी गळती लगेच बुडबुडे काढते, बारीक गळतीत पांढरा फेस सावकाश फुगत जातो. साबणात अमोनिया नसावा; त्याने पितळी भागांना तडे जातात. गॅस डिटेक्टर असेल तर तो सांध्याच्या वरच्या बाजूला धरावा. इंजिन बंद केल्यावर सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारी झडप) गॅस अडवतो, त्यामुळे त्यापुढची नळी कारागीर इंजिन चालू ठेवूनच तपासतात.

काडी पेटवून गळती शोधणे हा जिवाशी खेळ आहे. हाताने चाचपणेही घातक, कारण इतक्या दाबाचा झोत कातडी फाडू शकतो. दाब असताना पाना लावून सांधा आवळणे ही नेहमी दिसणारी, तितकीच धोक्याची सवय. आधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून नळी रिकामी करणे आवश्यक आहे.

पंपावरून निघाल्यावर काटा थोडा उतरला की अनेक रिक्षाचालकांना गळतीची शंका येते. भरताना तापलेला गॅस निवला की दाब घटतोच, त्यामुळे केवळ काट्यावरून निष्कर्ष काढू नये.

भारतात टाकीची हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने घेतलेली चाचणी, दर तीन वर्षांनी बंधनकारक आहे. हे नियम राबवणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपूरला आहे. ही चाचणी टाकीची ताकद पाहते, सांधे नव्हे. त्यासाठी टाकी उतरवून पुन्हा बसवतात, म्हणून गाडी ताब्यात घेण्यापूर्वी उघडलेला प्रत्येक सांधा समोर साबण लावून तपासून घ्यावा.